पासंग

गोकुळपेठच्या बाजारात माझी एक ठरलेली भाजीवाली मावशी आहे. वांगी, दोडके, पालक, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, आणि समोर ओल्या गोणपाटावर रचलेल्या सांभाराच्या जुड्या. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर येतं ते सांबार, त्याचा इथे काही संबंध नाही. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी तिच्याकडून एकशे ऐंशी रुपयांची भाजी घेतली. मोबाइल काढला, कोड स्कॅन केला, आकडा टाकला, पिन टाकला. पडद्यावरचं चाक फिरतच राहिलं. आभाळ गच्च भरून आलेलं, मागून एक बाई "सरका न भाऊ" करून राहिल्या होत्या. शेजारच्या ठेल्यावरचा डबा कोणाचे तरी "पचास रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडला आणि मावशीने मान वर न करता विचारलं, "झाले का भाऊ?"

"झाले न."

खोटं बोललो नव्हतो. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज खरंच आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरा मेसेज आला की व्यवहार पूर्ण झाला नाही, रक्कम परत जमा केली आहे. म्हणजे मावशीला काही पोचलंच नव्हतं.

मी तेव्हा चहा पीत होतो. पहिला विचार आला तो, लिहायलाही बरं वाटत नाही, "चला, एकशे ऐंशी वाचले" असा. त्याच्या मागोमाग दुसरा आला, की रविवारी बाजारात गेलो की देऊन टाकू. दुसऱ्याने पहिल्याला नीट झाकून टाकलं आणि मी बिस्किट बुडवलं.

रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी पाहुणे होते. मधे एकदा घरात टमाटर नव्हते, ते मी घराजवळच्या ठेल्यावरून आणले, दोन रुपये जास्त देऊन. तिसऱ्या आठवड्यात मला गोकुळपेठेतच काम निघालं. स्कूटर बाजाराच्या तोंडाशी आली आणि मी एक गल्ली आधीच वळलो. गल्ली खड्ड्यांची, पाणी साचलेलं, एक म्हैस अर्ध्या रस्त्यात उभी. तिला वळसा घालताना माझं मलाच कळलं की एकशे ऐंशी रुपयांपायी मी रस्ता बदलला आहे.

आता गंमत अशी की या तीन आठवड्यांत माझ्याकडे कारणांची चांगली बेगमी झाली होती. एकदा तिने वांग्यात दोन किडकी घातली होती. ती कधी कधी भाव चढाच लावते. चूक माझी नाही, बँकेची आहे. आणि तिला तरी कुठे आठवत असेल? इतकी माणसं येतात जातात. सगळ्यात शेवटी, आपलं नागपुरी रामबाण औषध: जाऊ दे न बाप्पा! हे शब्द मी दुसऱ्याला किती वेळा म्हणतो ते आठवून पाहिलं. रिक्षावाला पाच रुपये परत करत नाही तेव्हा माझं "जाऊ दे न" मोठ्या मनाचं असतं. स्वतःला म्हणतो तेव्हाचं "जाऊ दे न" वेगळ्याच जातीचं असतं, पण ऐकायला दोन्ही अगदी सारखी.

त्याच्या साधारण वर्षभर आधी एका मोबाइल कंपनीने मी न मागितलेली कॉलर ट्यून लावून माझे एकोणपन्नास रुपये कापले होते. मी त्यांना चार फोन केले. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" हे एकूण चाळीसेक मिनिटं ऐकलं. एका पोराला तर मी ग्राहक मंचाची धमकी दिली. बिचारा घाबरलाही नाही. पैसे परत मिळाले तेव्हा मी घरात सांगितलं की प्रश्न पैशाचा नसतो, तत्त्वाचा असतो. एकोणपन्नास रुपयांना असलेलं तत्त्व एकशे ऐंशींना का नव्हतं, हे मला म्हशीला वळसा घालेपर्यंत सुचलं नाही.

रक्कम लहान होती हीच खरी गोम आहे. २०१९ साली एका मोठ्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला होता. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून जास्त "हरवलेली" पाकिटं बँका, हॉटेलं, पोस्ट, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली, आणि किती जण मालकाशी संपर्क साधतात ते पाहिलं. आपला देशही त्यात होता. सगळ्यांचा अंदाज होता की पाकिटात पैसे असले तर लोक ते दाबून ठेवतील. झालं उलटं. रिकाम्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांसाठी लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांसाठी. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तिथे आकडा ७२ पर्यंत गेला. रक्कम मोठी झाली की ती ठेवून घेणाऱ्याला स्वतःला चोर म्हणावं लागतं, आणि तो शब्द कोणाला नको असतो. एकशे ऐंशी रुपयांत हा शब्द बसतच नाही. मावशीचे अठरा हजार माझ्याकडे आले असते तर मी त्याच पावसात भिजत गेलो असतो, आणि पुढे वर्षभर ते लोकांना सांगितलं असतं.

आमच्या आजोबांचं नागपूरच्या महाल भागात किराण्याचं दुकान होतं, बडकस चौकाच्या आतल्या बाजूला. आठ बाय दहाची जागा, पुढे लाकडी ओटा, छताला लोंबणारा दांडीचा तराजू. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी मी त्यांच्यासोबत जायचो. दुकान उघडलं की उदबत्ती नंतर, आधी तराजू. दोन्ही पारडी फडक्याने पुसायची, हात काढून घ्यायचा, आणि दांडी शांत होईपर्यंत गप्प उभं राहायचं. काटा मधोमध आला तर ठीक. नाही आला तर हलक्या बाजूच्या साखळीला तारेचा तुकडा, एखादा चिंचोका, काहीतरी बांधायचं. त्याला पासंग म्हणतात. "अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण म्हणतो तो हाच. पण म्हणीत त्याची किंमत काहीच नाही, आणि दुकानात दिवसाचं पहिलं काम त्याचं.

सरकारी देखरेख होतीच. लोखंडी वजनांच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर खात्याचा ठसा. मुदत संपली की वजनं नेऊन पडताळून आणायची, नाहीतर दंड. आता २००९ चा वैधमापन कायदा आहे, ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, तरी मिठाईच्या दुकानात संत्रा बर्फी डब्यासकट तोलली जाते का, हे बघायला आपण पुढे वाकतोच. असो. ठशाचं काम वर्षा-दोन वर्षांनी. आजोबांचं रोजचं.

मी एकदा विचारलं होतं की काल तर बरोबर होता, रात्रीतून तराजू बिघडतो कसा? आजोबांनी मालाच्या पारड्यावरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. गुळाचा चिकटा. दिवसभर गूळ तोलला जायचा, मग त्या चिकट्यावर साखर, रवा, डाळीचा कोंडा बसत जायचा. कोणी दांडी मारत नव्हतं. कोणाच्या मनातही पाप नव्हतं. पण मालाचं पारडं मासाभर जड झालं की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुडीतून तेवढा माल कमी. आजोबा म्हणाले, "वजनाच्या बाजूले मुंगळा चढला तरी मले लगेच दिसते. मालाच्या बाजूले पावशेर चढला तरी दिसत नाही. म्हणून रोज पाहा लागते."

दहा-अकरा वर्षांच्या पोराला यातला मुंगळा तेवढा आवडला होता.

त्याच पावसाळ्यात पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी मारबत. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून समजत नाही. नागपूरची ही मिरवणूक शंभराहून अधिक वर्षांची आहे. काळी मारबत, पिवळी मारबत असे दोन मोठे पुतळे, इतवारी-महालातल्या अरुंद रस्त्यांत मुंगीला जागा नाही इतकी गर्दी, आणि सोबत बडगे. बडगा म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर राग आहे त्याचा पुतळा: महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, वीजबिल, एखादा नेता, एखादा देश. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो, आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. मी दरवर्षी जातो. त्या वर्षी भ्रष्टाचाराचा एक बडगा फार झकास होता, पोट सुटलेला, खिशातून नोटा बाहेर डोकावणाऱ्या. मी गळा काढून ओरडलो. मावशीचे एकशे ऐंशी तेव्हा माझ्याच खात्यात होते. आणि हे मला तिथे आठवलं असतं तर या प्रसंगाला थोडी शोभा तरी आली असती. नाही आठवलं. घरी येऊन घशाला बरं वाटावं म्हणून कोमट पाणी प्यायलो.

पैसे परत गेले ते महालक्ष्म्यांमुळे. आमच्याकडे नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि बायकोचं फर्मान निघालं, "सगळ्या त्याच मावशीकडून आणा, तिच्याकडे कवळी असते भाजी." आता गल्ली बदलायची सोय नव्हती. मी गेलो, आधी दोनशेची नोट पुढे केली आणि सगळी हकिगत सांगितली. बँक, मेसेज, पाऊस, पाहुणे. पाहुण्यांचं सांगताना माझा आवाज जरा उतरला असावा. मावशीने वीस परत केले, नोट कमरेच्या पिशवीत सरकवली आणि म्हणाली, "म्या तं लिहून नव्हतं ठेवलं बाप्पा. तुमीच ठेवलं दिसते." मग सोळा भाज्या मोजून झाल्यावर वर सांभाराची एक जुडी पिशवीत टाकली. "राहू द्या," मी म्हणालो. "जाऊ द्या न," ती म्हणाली. तिचं "जाऊ द्या न" खरं होतं, ते मला ऐकूही आलं. जुडी मी घेतली.

हा किस्सा मी दोन-तीन बैठकांत सांगितला आहे. लोक हसतात, मलाही बरा माणूस असल्यासारखं वाटतं. दुसरा किस्सा मी सांगत नाही.

मे महिना, दुपारचा दीड, पारा पंचेचाळीसच्या वर. फ्लॅटच्या रजिस्ट्रीची वेळ दोनची मिळाली होती. कागदांची फाइल शेजारच्या सीटवर, गाडीतला एसी नुसताच आवाज करून राहिलेला. अजनीच्या पुढे एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत मोपेडवरून पडला. मागे कूलरच्या ताट्या बांधल्या होत्या, उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी बदलतात त्या, गवतासारख्या लाकडी तंतूंच्या. दोर सुटला, ताट्या डांबरावर पसरल्या, त्यांतलं गवत गरम वाऱ्याने उडायला लागलं. माणूस कुशीवर पडला होता, उठत नव्हता. एक चप्पल डिव्हायडरपाशी. मी गाडी हळू केली. एका ताटीला चुकवून पुढे काढली. आरशात पाहिलं तर पानठेल्यावरचा पोरगा पाण्याची बाटली घेऊन धावत येत होता, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता उठलेला. चला, कोणीतरी आलं. मी गियर टाकला.

दोनला पाच मिनिटं असताना मी कचेरीत पोचलो. सर्व्हर डाऊन होता. साडेचारपर्यंत मी तिथल्या लोखंडी बाकावर बसून होतो.

लोक थांबत नाहीत ते पोलिसांच्या लफड्याला भिऊन, असं आपण म्हणतो. ते कारण आता फारसं उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच त्यासाठी कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर दिवाणी-फौजदारी दायित्व नाही. हे मला त्या मे महिन्यात पक्कं ठाऊक होतं. कारण त्याच्या महिनाभर आधी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे मीच टाकलं होतं, वर "माणुसकी जपा" असं लिहून. एकवीस जणांनी हात जोडले होते.

पुढे कधीतरी डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचला आणि मान खाली गेली. प्रिन्स्टनमधले धर्मशिक्षणाचे ४० विद्यार्थी. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं. निम्म्यांना विषय दिला होता, रस्त्यात पडलेल्या जखमी परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. कोण थांबतं? ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झाला, पळा" म्हटलं होतं, त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले. मी ताटी चुकवून गेलो होतो.

त्यानंतर एकदा मी थांबलो, हेही सांगतो, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. डिसेंबरची संध्याकाळ, अंबाझरीकडून येत होतो. एका मुलीची स्कूटी वाळूवर घसरली. मी उतरलो, तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, तिचा भाऊ येईपर्यंत बसून राहिलो. भावाने माझे हात धरले, "काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून..." मी बोलू शकलो नाही. त्याला कसं सांगणार की काकांना आज घाई नव्हती? तेवढाच फरक होता. तेव्हापासून मी कुठेही जायचं असलं तर दहा मिनिटं आधी निघतो. घरातले म्हणतात वय झालं.

त्या ताट्यावाल्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. अजनीवरून जाताना पानठेला दिसतो. पोरगाही असतो. विचारायला मी अजून उतरलेलो नाही.

आजोबांकडे परत जायला हवं, कारण त्यांची एकच बाजू सांगितली. त्यांच्या तराजूची महालात ख्याती होती, लोक दुसऱ्या दुकानातून घेतलेला गूळ त्यांच्याकडे तोलून बघायला आणत. त्याच ओट्याच्या खाली, पायरीपाशी, काही गिऱ्हाइकं उभी राहात. वर येत नसत. त्यांची पुडी आजोबा हातात देत नसत, ओट्याच्या कडेला ठेवत. सुटे पैसे वरून सोडत, चार बोटं अंतर ठेवून. त्या पुडीतही माल पुरेपूर असायचा, एक दाणा कमी नाही. मला लहानपणी वाटे की गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची असतात, ओट्यावरची आणि ओट्याखालची. जशी साखर आणि गूळ. हे सत्तरीतलं नागपूर. तिथून तीन-चार किलोमीटरवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला होता, आणि त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती.

माणूस प्रामाणिक आहे की नाही असा प्रश्न आपण घाऊक विचारतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना नकळत पारखलं होतं: पेपर तपासताना, खेळात, पैशाच्या व्यवहारात, घरच्या अभ्यासात. वर्गात लबाडी न करणारं पोरगं खेळात करत होतं, खेळातलं सरळ पोरगं घरी उत्तरं बघत होतं. निकालाने तेव्हा बरीच खळबळ झाली. महालात कोणाला फारसं नवल वाटलं नसतं. आजोबांचा तराजू रोज पुसला जात होता, हात कोणी पुसायला सांगितला नव्हता.

मी आजोबांचा न्याय करायला बसलेलो नाही. आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत परवापरवापर्यंत एक कप होता. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. खिडकीच्या जाळीला टेकवलेला, भांड्याच्या साबणाशेजारी. आमच्याकडे बारा वर्षांपासून कामाला येणाऱ्या ताईंचा कप. त्यांना चहा त्यातच. तो वेगळा ठेवायचं कधी कोणी ठरवलं? आईला विचारलं असतं तर ती खरोखरच आठवू शकली नसती. कान तुटला म्हणून पाहुण्यांच्या कपांतून बाजूला काढला असेल, फेकायचा कशाला म्हणून खिडकीत ठेवला असेल, आणि मग एक दिवस तो ताईंचा झाला असेल. गुळाचा चिकटा. आम्ही लक्ष्मीनगरला राहतो, दीक्षाभूमी आमच्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटं. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना स्तूप दाखवायला नेतो, २२ प्रतिज्ञा कोरल्या आहेत तिथे थांबवतो, सगळी माणसं समान आहेत ती प्रतिज्ञा मुद्दाम वाचून दाखवतो. मग घरी येऊन आम्ही चहा पितो. ताई असल्या तर त्याही पितात, ओट्याशी उभ्या राहून, निळ्या फुलांच्या कपातून. बारा वर्षं मी तो कप पाहिला आणि पाहिला नाही.

मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीत आली होती. एका सकाळी तिने चहा गाळला, पाच कप भरले, त्यांतला एक ताईंच्या हातात दिला. स्टीलच्या रॅकमधला, आमच्यासारखाच. काही बोलली नाही, भाषण नाही, डोळ्यांत अंगार वगैरे नाही. माझ्या आईने पाहिलं आणि ती देवघराकडे निघून गेली. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर होता.

ताई चहा प्यायल्या, कप विसळला, आणि खिडकीत नेऊन ठेवला. निळ्या फुलांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी मुलीने तो उचलून रॅकमध्ये ठेवला, रॅकमधला भलताच कप काढून ताईंना चहा दिला. ताईंनी तोही विसळून खिडकीत ठेवला. असं आठवडाभर चाललं. एकमेकींशी त्या दोघी सगळं बोलत होत्या, परीक्षा, ताईंच्या लेकाची नोकरी, फराळात काय बिघडलं. कपाबद्दल अक्षर नाही. मुलगी पुण्याला परत गेली त्या दिवशी खिडकीत दोन कप होते.

ते आत आणले आईने. ब्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे दुखतात, धरून धरून चालते. एक दिवस ताईंना म्हणाली, "अगं, ते कप तिथं नको ठेवत जाऊ. चिमण्या घाण करून राहिल्या खिडकीत." आमच्या खिडकीला बारीक जाळी आहे. चिमणी काय, डास येत नाही. ताई "बरं आई" म्हणाल्या आणि कप रॅकमध्ये लावले. कान तुटलेला आईने वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिला. कोणी काही ऐकलं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताई अजून ओट्याशी उभ्याच पितात. खुर्ची दिली की म्हणतात, पाय मोकळे होतात.

या सगळ्यात मी काय केलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मी पेपर वाचला.

आता बायको त्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात सांभाराची जुडी ठेवते, चार दिवस हिरवी राहते. परवा ती माहेरी गेली होती, घरी माझ्या आईला बरं नव्हतं, म्हणून सकाळचा चहा मी केला. ताई भांडी घासून राहिल्या होत्या. आलं किसलं, उकळी आली, दोन कप भरले, तिसऱ्यासाठी गाळणी उजव्या हातात धरून डावा हात लांब केला. रॅक उजवीकडे आहे. हात खिडकीकडे गेला होता, आणि बोटांना गार, ओला सांभार लागला.